कोरडा दिवस मोहिमेचा परिणाम टाकीत मोजा

आठवड्यातून एक दिवस पाण्याची सगळी भांडी रिकामी करून घासायची, हा ‘कोरडा दिवस’. तो सांगणारी डेंग्यूची जनजागृती मोहीम संपली की अहवालात इतकी पत्रकं वाटली, इतक्या सभा घेतल्या, एवढंच येतं. हा कामाचा हिशोब झाला. घरात काय बदललं ते त्यातून कळत नाही. खानदेशात नळाला पाणी बऱ्याच ठिकाणी आठवडा-आठवडा येत नाही, म्हणून टाकी, ड्रम, रांजण भरलेलेच असतात. बदल तिथेच शोधायचा.

मोहिमेआधी एक पाहणी, संपल्यावर सहा आठवड्यांनी दुसरी. सोबत मोहीम न झालेली गावंही हवीतच, कारण डासांच्या अळ्या पावसाबरोबर आपोआप कमी-जास्त होतात. तुलनेची गावं त्याच भागातली, नळाच्या पाण्याची पाळी सारखीच असलेली, पण आठवडे बाजार वेगळा असलेली निवडा. बाजार एकच असला की मोहिमेची माहिती तिकडेही पोचते. दोन्ही गटांत प्रत्येकी ३० गावं, पाडे किंवा वॉर्ड लोकसंख्येच्या प्रमाणात (मोठं गाव निघण्याची शक्यता जास्त) काढा आणि प्रत्येकात चिठ्ठीने २० घरं. लसीकरणाच्या पाहणीत प्रत्येक ठिकाणी ७ मुलं घेतात, तशी ७च घरं घेतलीत तर फार मोठा फरकच पकडला जाईल.

घरात गेल्यावर आधी भांडी बघा, प्रश्न नंतर. टॉर्च टाकीत तिरपा धरा, थोडं पाणी पांढऱ्या ट्रेमध्ये घ्या. डासाची अळी झटके देत वर-खाली करते. पृष्ठभागाला समांतर पडून राहणारी अळी मलेरियाच्या डासाची, तिरकी लटकणारी एडीसची, म्हणजे डेंग्यूच्या डासाची असू शकते. कूलर, फ्रिजमागचा ट्रे, गुरांची डोणी विसरू नका. अळ्या सापडलेली घरं भागिले तपासलेली घरं गुणिले १००, हा घर निर्देशांक. दर १०० घरांमागे अळ्या असलेली भांडी, हा ब्रेटू निर्देशांक. त्या घरी शेवटचं पाणी कधी आलं तेही लिहा. मध्येच पाण्याची पाळी बदलली असेल तर मोहिमेला फुकटचं श्रेय जाईल.

प्रश्न विचारताना ‘टाकी दर आठवड्याला धुता का?’ असं विचारू नका, सगळे ‘हो’ म्हणतात. ‘शेवटची कधी रिकामी केली? कशाने घासली?’ असं विचारा. घासणं महत्त्वाचं, कारण एडीसची अंडी कडेला चिकटून कोरड्यातही कित्येक महिने टिकतात. नुसतं पाणी ओतून दिल्याने भागत नाही. मोहिमेतले कोणते संदेश ऐकले हेही विचारा, आणि त्या यादीत कधीच न दिलेला एक संदेश घाला. तोही ‘ऐकलाय’ म्हणणारे किती, त्यावरून उत्तरांवर किती भरवसा ठेवायचा ते ठरतं. प्रश्न अहिराणीत विचारा, धडगाव-अक्कलकुव्याकडे पावरी किंवा भिलीत. मोहीम राबवणाऱ्या आशाताईंनाच पाहणीला पाठवू नका. त्यांच्यासमोर लोक त्यांना बरं वाटेल तेच सांगतात. कापूस वेचणीत दिवसा घरं बंद असतात, म्हणून सकाळी लवकर किंवा दिवेलागणीला जा. बंद घर सोडून शेजारचं घेऊ नका, पुन्हा जा.

समजा, मोहिमेच्या गावांत घर निर्देशांक ४२ वरून १८ झाला आणि तुलनेच्या गावांत ४० वरून ३४. मग मोहिमेचं श्रेय २४ वजा ६, म्हणजे १८ अंकांचं.

रुग्णसंख्येवर मोहिमेचा निकाल लावू नका. चांगल्या मोहिमेनंतर लोक तापात लवकर तपासणी करतात, एनएस१ (डेंग्यू ओळखणारी रक्ताची चाचणी) चाचण्या वाढतात आणि नोंदलेले रुग्णही वाढतात. आकडा वर गेला म्हणून चालती मोहीम बंद करणं हे गावाचं नुकसान आहे.