घरच्या ध्वनिमुद्रणात टेपचा भरीवपणा कसा आणावा

घरच्या संगणकावर, एक ऑडिओ इंटरफेस आणि एक-दोन माइक एवढ्या सामग्रीत मुद्रित केलेला अभंग किंवा भावगीत ऐकताना पुष्कळदा असे जाणवते की त्यात उघड दोष काही नाही, तरीही ते कानाला टोचते. गायकाचे ‘स’ आणि ‘श’ बोचतात, पेटी कर्कश लागते, तबल्याची चाट सगळ्यांच्या पुढे येते आणि आवाजाला अंग नसल्यासारखे वाटते. स्पूल टेपवरच्या जुन्या मुद्रणांत जो भरीवपणा असे, तो संगणकावर बऱ्याच प्रमाणात आणता येतो. मात्र त्यासाठी टेप नेमके काय करत होती, हे आधी समजून घ्यावे लागते.

डिजिटल मुद्रणात आवाज शून्य डेसिबलच्या मर्यादेपर्यंत जसाच्या तसा नोंदला जातो आणि ती मर्यादा ओलांडताच एकदम छाटला जातो. टेपचे तसे नाही. तिच्यावरचे चुंबकीय कण मर्यादेजवळ येऊ लागले की आवाजाची शिखरे हळूहळू वाकतात, आणि या वाकण्यातून मूळ स्वराच्या पटीतील नवे सूक्ष्म स्वर निर्माण होतात. त्यालाच सॅच्युरेशन म्हणतात. टेपवर प्रामुख्याने तिसऱ्या पटीचा स्वर वाढतो, तर साध्या ट्रायोड व्हॉल्व्हच्या, म्हणजे जुन्या काचेच्या निर्वात नळीच्या अँप्लिफायरमध्ये दुसऱ्या पटीचा. २२० हर्ट्झचा षड्ज घेतला, तर दुसरी पट म्हणजे ४४० हर्ट्झचा वरच्या सप्तकातला षड्ज आणि तिसरी पट म्हणजे ६६० हर्ट्झचा पंचम. म्हणून व्हॉल्व्हमुळे आवाज आतून जाड होतो, तर टेपमुळे त्याला थोडी धार आणि उपस्थिती येते. याशिवाय मोठ्या आवाजात टेपवर अतितार स्वर कमी नोंदले जातात आणि खालच्या स्वरांना किंचित उठाव मिळतो. गोडवा म्हणून आपण जो ओळखतो, तो या सगळ्याचा मिळून झालेला परिणाम असतो.

कोणतेही प्लगइन, म्हणजे मुद्रणाच्या सॉफ्टवेअरला जोडून आवाजावर प्रक्रिया करणारे छोटे साधन, उघडण्यापूर्वी मूळ मुद्रण नीट असले पाहिजे. अनेक स्वस्त कंडेन्सर माइक ८ ते १२ किलोहर्ट्झच्या पट्ट्यात आवाज मुद्दाम उचलून धरतात, आणि उघड्या भिंतींच्या खोलीत हा उठाव दुप्पट त्रासदायक होतो. अशा खोलीत शुअर एसएम ५८ सारखा डायनॅमिक माइक अधिक समंजस ठरतो. गायकाच्या मागे आणि दोन्ही बाजूंना जाड गोधड्या टांगाव्यात आणि माइक तोंडासमोर सरळ न धरता थोडा तिरपा, साधारण २० सेंटिमीटरवर ठेवावा, म्हणजे खालच्या स्वरांचा नैसर्गिक भरणा मिळतो आणि ‘स’काराची झोत थेट माइकवर जात नाही. मुद्रण २४ बिटमध्ये करावे आणि सरासरी पातळी −१८ डेसिबलच्या आसपास राहील, शिखरेही −१० च्या फार वर जाणार नाहीत, असा गेन (माइकचा आवाज वाढवण्याचे प्रमाण) लावावा. अनेक टेप आणि व्हॉल्व्ह प्लगइनांचा शून्य व्हीयू, म्हणजे जुन्या काट्याच्या मापकावरची नेहमीची कामाची पातळी, याच −१८ शी जुळवलेला असतो, त्यामुळे त्याहून बराच मोठा आवाज आत गेला तर प्लगइन आपण ठरवण्याआधीच आवाज चिरडू लागते.

खर्च करण्याची गरज नाही. क्लांगहेल्मचे आयव्हीजीआय, सॉफ्टट्यूबचे सॅच्युरेशन नॉब आणि चाव टेप मॉडेल ही तिन्ही प्लगइने विनामूल्य आहेत; त्यांपैकी चाव टेप मॉडेल हे सोनी टीसी-२६० या जुन्या टेप रेकॉर्डरच्या अभ्यासावर बेतलेले असून त्याची संगणकीय संहिताही खुली आहे.

गायनाच्या ट्रॅकवर प्रथम ८० हर्ट्झखालची घरघर काढावी आणि डी-एसर, म्हणजे फक्त ‘स’-‘श’ची टोच दाबणारे प्लगइन, सॅच्युरेशनच्या आधी लावावा, कारण टोचणारा ‘स’ सॅच्युरेशनमध्ये शिरला की तो विस्कटून अधिकच खरखरीत होतो. त्यानंतर लहान-मोठ्या आवाजांतले अंतर कमी करणारा हलका कॉम्प्रेसर आणि मग टेपचे प्लगइन, वेग सेकंदाला १५ इंच. ड्राइव्ह, म्हणजे सॅच्युरेशनचा जोर, हळूहळू वाढवत न्यावा, आवाज दाणेदार झाल्याचे स्पष्ट ऐकू येईल तिथे थांबावे आणि मग तो निम्म्यापर्यंत मागे आणावा. यानंतरची पायरी बहुतेक जण गाळतात, आणि माझ्या मते तीच सर्वांत महत्त्वाची आहे: प्लगइन बंद असताना आणि चालू असताना ट्रॅकची पातळी कानाला अगदी सारखी वाटेल, इतके त्याचे आउटपुट कमी करावे. किंचित मोठा आवाज नेहमीच अधिक चांगला वाटतो. पातळी जुळवल्याखेरीज आपल्याला गोडवा आवडला की नुसता मोठेपणा, हे कळतच नाही.

भारतीय संगीतात एक अडचण अशी आहे की जिचा विचार परदेशी मार्गदर्शकांत फारसा आढळत नाही. दोन स्वर एकत्र सॅच्युरेशनमधून गेले की केवळ त्यांच्या पटी नव्हे, तर त्यांच्या बेरजेचे आणि वजाबाकीचे स्वरही जन्माला येतात. पांढरी सहामधला २२० हर्ट्झचा षड्ज आणि गायकाने लावलेला शुद्ध, म्हणजे २७५ हर्ट्झचा गंधार यांतला फरक ५५ हर्ट्झ येतो, आणि तो षड्जच असतो, दोन सप्तके खालचा. परंतु सप्तकाचे बारा सारखे भाग करून लावलेल्या पेटीचा गंधार २७७.२ हर्ट्झचा असतो. त्याचा षड्जाशी फरक ५७.२ हर्ट्झ येतो, आणि हा स्वर खालच्या षड्जापासून अर्ध्या श्रुतीहून कितीतरी अधिक दूर, सरळ बेसूर असतो. म्हणून गायन, पेटी आणि तानपुरा यांना एकाच बसमध्ये, म्हणजे अनेक ट्रॅक एकत्र करणाऱ्या वाहिनीत, आणून जोरदार सॅच्युरेशन कधीही देऊ नये. प्रत्येक ट्रॅकला वेगळे द्यावे. पेटी एकेका स्वराने गायनामागे जात असेल तर तिला थोडी टेप चालते, पण ती स्वरसमूह धरून ठेवत असेल तर सॅच्युरेशनऐवजी साध्या ईक्यूने (ठरावीक पट्ट्यातला आवाज कमी-जास्त करणारे साधन) ३ किलोहर्ट्झच्या आसपास दोनेक डेसिबल उतरवणे बरे. गायक स्वतःच पेटी वाजवत असेल आणि दोन्ही आवाज एकाच माइकमध्ये उतरले असतील, तर ड्राइव्ह अगदी नाममात्र ठेवावा. तानपुऱ्याला हात लावू नये. जवारीमुळे त्याच्यात स्वरपटींची समृद्धी आधीच इतकी असते की वरून काही घातल्यास ती झळाळी मळते.

तबल्याची गोष्ट याच्या उलट आहे. शाईमुळे तबल्याचे उपस्वर मूळ स्वराच्या पूर्ण पटींत येतात, हे चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२० साली दाखवून दिले होते. त्यामुळे सॅच्युरेशनने वाढलेल्या पटी तबल्याच्या स्वतःच्या उपस्वरांवरच बसतात आणि परके वाटत नाहीत. चाटेची टोके लिमिटरने, म्हणजे ठरावीक पातळीवर आवाज अडवणाऱ्या साधनाने, दाबली तर बोल बोथट होतात, टेपने ती गोल होतात. तीन-चार डेसिबलची शिखरे अशी सहज कमी होतात. डग्ग्याला दुसऱ्या पटीचे, म्हणजे व्हॉल्व्हच्या धाटणीचे सॅच्युरेशन द्यावे. फोनच्या छोट्या स्पीकरमधून ८० हर्ट्झचा घुमारा ऐकूच येत नाही, परंतु १६० आणि २४० हर्ट्झच्या पटी पुरेशा असतील तर कान मूळ स्वर स्वतः भरून घेतो.

प्लगइनमध्ये ओव्हरसॅम्पलिंगची, म्हणजे आतली प्रक्रिया सेकंदाला कित्येक पट अधिक नमुने घेऊन करण्याची, सोय असल्यास ती चार पटींवर चालू ठेवावी. ४४.१ किलोहर्ट्झच्या मुद्रणात त्याच्या निम्म्याच्या, म्हणजे २२.०५ च्या वरचा स्वर मावत नाही. ९ किलोहर्ट्झची तिसरी पट २७ वर जायला हवी, ती उलटी वळून १७.१ वर येऊन पडते, आणि अशा असंबद्ध स्वरांतूनच पुन्हा तो काचेरी टोचणारेपणा तयार होतो, जो काढण्यासाठी आपण एवढा खटाटोप केला. टेपची सरसर आणि वेगातील हेलकावे यांची बटणे मात्र शून्यावर ठेवावीत, कारण स्थिर षड्जावर उभ्या असलेल्या गायनात आधारस्वरच डगमगणे मला मुळीच मान्य होत नाही.

पूर्ण मिक्सवर टेप हवीच असेल, तर ३० इंचांच्या वेगाने आणि अगदी हलक्या ड्राइव्हने द्यावी. घरात चालू स्थितीतला कॅसेट डेक असल्यास मिक्स त्याच्यातूनही फिरवता येतो. त्याआधी हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून घ्यावे, क्रोम टेप वापरावी आणि सुटा ट्रॅक न फिरवता तयार स्टिरिओ मिक्सच फिरवावा. डेकचा वेग तंतोतंत स्थिर नसल्याने एकटाच फिरवलेला ट्रॅक गाण्याच्या शेवटापर्यंत इतरांपासून सरकतो. परत मुद्रित करताना इंटरफेसची पातळी पुन्हा −१८ च्या आसपासच लावावी आणि मूळ मिक्सची प्रत वेगळी जपून ठेवावी.