मतदानाचा नियम वंशभेदी आहे का, हे कसे तपासावे

अमेरिकेतील एखाद्या राज्याने मतदानाचा नवा नियम केला, की त्यात वंशाचा उल्लेख शोधण्यात वेळ घालवू नये. तो बहुधा सापडत नाही. १८७० च्या पंधराव्या घटनादुरुस्तीने वंश वा वर्णावरून मताधिकार नाकारण्यास मनाई केली, आणि पुढे दक्षिणेकडील राज्यांनी साक्षरता चाचणी, मतदान कर असे वरवर सर्वांना सारखे लागू होणारे नियम केले. लुईझियानाने १८९८ मध्ये अशा अटींतून सूट दिली ती १ जानेवारी १८६७ रोजी मताधिकार असलेल्यांना आणि त्यांच्या मुलानातवंडांना. त्या तारखेला तेथील कृष्णवर्णीयांना मताधिकारच नव्हता, हे कळले की वेगळा पुरावा लागत नाही.

म्हणून प्रथम जुना आणि नवा नियम शेजारी ठेवून मतदाराची नेमकी कोणती सोय गेली, ते लिहून काढावे. नॉर्थ कॅरोलायनाच्या २०१३ च्या कायद्याने मुख्य मतदानाच्या दिवसाआधीच मत देता येण्याचे दिवस १७ वरून १० वर आणले, मतदानाच्या वेळीच नाव नोंदवण्याची सोय बंद केली आणि छायाचित्र असलेल्या ओळखपत्राची सक्ती केली.

त्यानंतर ती सोय कोण वापरत होते, ते पाहावे. नॉर्थ कॅरोलायना, जॉर्जिया, लुईझियाना अशा काही राज्यांत मतदारनोंदणीतच वंश नोंदवला जातो, त्यामुळे तुलना सरळ करता येते. इतरत्र जनगणनेतील वस्तीनिहाय आकडे आणि आडनावे यांवरून अंदाज बांधावा लागतो, आणि तो अंदाज आहे हे अहवालात स्पष्ट लिहावे.

तिसरे काम सर्वांत कष्टाचे, पण माझ्या मते सर्वांत मोलाचे आहे: नियम कसा घडला, याचा माग काढणे. १९७७ च्या आर्लिंग्टन हाइट्स खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हेतू ओळखण्यासाठी पूर्वेतिहास, घटनांचा क्रम, नेहमीच्या कार्यपद्धतीपासून झालेली फारकत आणि निर्णय घेणाऱ्यांची विधाने पाहण्यास सांगितले. त्यासाठी समितीची इतिवृत्ते, विधेयकाचे सर्व मसुदे आणि त्यांच्या तारखा मिळवाव्यात. नॉर्थ कॅरोलायनाच्या विधिमंडळाने मतदानाच्या कोणत्या सोयी कोणत्या वंशाचे लोक वापरतात याची माहिती मागवली आणि कृष्णवर्णीयांच्या वापरातील सोयींवरच घाव घातला. या तपशिलाच्या बळावर २०१६ मध्ये अपील न्यायालयाने तो कायदा हेतुपुरस्सर भेदभाव करणारा ठरवला.

हा शोध नागरिकांवर का पडतो, हेही समजून घ्यावे. १९६५ च्या मतदान हक्क कायद्याच्या कलम ५ नुसार भेदभावाचा इतिहास असलेल्या प्रदेशांना नियम बदलण्यापूर्वी केंद्राची मंजुरी घ्यावी लागे, म्हणजे भेदभाव नाही हे सिद्ध करण्याचा भार नियम बदलणाऱ्या सरकारवर असे. २५ जून २०१३ च्या शेल्बी काउंटी निकालाने ते प्रदेश ठरवणारे सूत्र रद्द झाले. तेव्हापासून नियम आधी लागू होतो आणि खटला नंतर चालतो. दरम्यान एखादी निवडणूक होऊन गेली, तर हुकलेले मत कोणताही निकाल परत देऊ शकत नाही.

याच कायद्याचे कलम २ देशभर लागू आहे. १९८२ च्या दुरुस्तीने हेतू सिद्ध न करताही परिणामावरून दाद मागण्याची वाट उघडली, पण २०२१ च्या ब्रनोविच निकालाने ती अरुंद केली: त्रास किती मोठा, वंशांमधील तफावत किती, मतदानाचे इतर मार्ग कोणते खुले आहेत, असे प्रश्न न्यायालय विचारते, म्हणून नुसती टक्केवारी मांडून थांबू नये. मतदारसंघांच्या सीमांबाबत २०२३ मध्ये अलाबामाचा नकाशा याच कलमाखाली बेकायदा ठरला, तरी पुढे लुईझियानाच्या खटल्यात हा विषय पुन्हा सर्वोच्च न्यायालयापुढे आला; नकाशाविरुद्ध तक्रार करण्यापूर्वी वकिलाकडून ताजा निकाल समजून घ्यावा. आठव्या अपील मंडळाने (ठरावीक राज्यांसाठीच्या केंद्रीय अपील न्यायालयाने) तर २०२३ मध्ये कलम २ खाली खासगी व्यक्तींना दावाच करता येत नाही, असे म्हटले. अशा वेळी राज्याचा स्वतःचा मतदान हक्क कायदा आहे का, ते पाहावे. कॅलिफोर्निया, व्हर्जिनिया, न्यूयॉर्क आणि मिनेसोटात तो आहे.

मतदान केंद्रावरच अडवले गेल्यास परत फिरू नये. यादीत नाव नसले, तरी केंद्रीय निवडणुकीत तात्पुरती मतपत्रिका मागण्याचा हक्क २००२ च्या कायद्याने दिला आहे, आणि ती मोजली गेली की नाही व का नाही, हे विनाशुल्क कळण्याची व्यवस्थाही त्यात आहे. त्याबाबतची लेखी माहिती जपून ठेवावी आणि अडवणाऱ्याने दिलेले कारण त्याच्याच शब्दांत, वेळेसह, त्याच दिवशी लिहून ठेवावे.