विमानाचं अंतर बघून गावचा प्रवास आखताय? या चुका टाळा

गणपतीच्या तिकिटांची शोधाशोध सुरू झाली की मुंबई ते गोवा सुमारे ४२५ किलोमीटर हा आकडा दिसतो आणि लगेच गणित मांडलं जातं: विमान ताशी ८०० किलोमीटरने जातं, म्हणजे अर्ध्या तासात गोवा! हे ४२५ किलोमीटर मुंबई ते गोव्यातला दाबोळी विमानतळ असं सरळ रेषेतलं अंतर आहे. महामार्गाने ते साडेपाचशेच्या पुढे जातं. तिकिटावरचा साधारण सव्वा तास मोजतात तो विमान जागेवरून हलल्यापासून पलीकडे जागेवर थांबेपर्यंत. धावपट्टीसाठीची रांग, वर चढणं, उतरण्याआधीचा वळसा हे सगळं त्यात आलं. एवढ्या लहान पल्ल्यात विमानाला पूर्ण वेग मिळतो तो थोडाच वेळ.

आकडा नॉटिकल मैलांत तर नाही ना, तेही बघा. एक नॉटिकल मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर.

याहून महागात पडते ती विमानतळाची गल्लत. जानेवारी २०२३ पासून गोव्यात दाबोळीबरोबर उत्तरेकडचा मोपा विमानतळही सुरू आहे. बांदा, सावंतवाडी, दोडामार्गच्या माणसाला मोपा जवळ. दाबोळी गाठायला मांडवी आणि जुवारी ओलांडून जावं लागतं. तिकीट शंभर-दोनशे रुपयांनी स्वस्त म्हणून दाबोळीचं काढलं, तर गाडीभाड्यात त्याच्या कितीतरी पट जातात. मालवण-वेंगुर्ल्याला सिंधुदुर्गातला चिपी विमानतळ सर्वांत जवळ, पण तिथली उड्डाणं मोजकी. आपल्या तारखेला विमान आहे का, हे आधी पाहा, मगच रजा टाका. मुंबईतही डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईचा विमानतळ चालू झाला आहे. कोकणातून जाणाऱ्याला पनवेलला उतरून तो सोयीचा. मात्र चिपीहून एका विमानतळावर उतरून आखाताचं विमान दुसऱ्यावरून पकडायचं असेल, तर मधला रस्ता मुंबईच्या गर्दीतून जातो. दोन्ही तिकिटं वेगवेगळी काढली असतील तर पहिलं विमान उशिरा आल्याची जबाबदारी दुसरी कंपनी सहसा घेत नाही.

आखाताच्या तिकिटावर सुटण्याची आणि पोहोचण्याची वेळ त्या त्या ठिकाणची असते. दुबई आणि मस्कतचं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे, कुवेत, कतार आणि सौदीचं अडीच तास. मुंबईहून १० वाजता सुटलेलं विमान दुबईला पावणेबाराला पोहोचत असेल, तर प्रवास सव्वातीन तासांचा झाला, पावणेदोनचा नव्हे. परतताना उलटं: प्रवास घड्याळात दीड तासाने लांबल्यासारखा दिसतो. प्रत्यक्षात हिवाळ्यात पश्चिमेकडून वाहणाऱ्या जोरदार वाऱ्यांमुळे परतीचं उड्डाण बहुधा लवकर आटपतं. पोराला आणायला गाडी ठरवणाऱ्या घरच्यांनी भारतातली उतरण्याची वेळ तेवढी धरावी.

मध्यरात्रीनंतरच्या उड्डाणांत तारीख चुकते, आणि ही चूक निस्तरता येत नाही. १५ तारखेचं ००:४० चं विमान म्हणजे १४ च्या रात्रीच विमानतळावर हजर व्हायचं.

आता घरापासूनची वेळ. देशांतर्गत उड्डाणाचे काउंटर बहुधा ६० मिनिटं आधी बंद होतात. परदेशी जाताना तीन तास हाताशी ठेवा. पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रक वेगळं असतं, गाड्या सावकाश धावतात, दरड कोसळली तर अडकून पडतात. सकाळचं विमान असेल तर पहाटे पनवेलला पोहोचणाऱ्या गाडीच्या भरवशावर राहू नका; आदल्या दिवशीच निघा आणि नातेवाइकांकडे मुक्काम करा.