प्रश्न विचारून बाजूला होणे म्हणजे शोधाधारित अध्यापन नव्हे

पदार्थविज्ञानाच्या प्रथम वर्षाची प्रयोगशाळा माझ्याकडे आली, तेव्हा पहिल्याच सत्रात शोधाधारित अध्यापन, म्हणजे विद्यार्थ्यांनी स्वतः तपास करून उत्तरापर्यंत पोहोचण्याची पद्धत, वापरायची म्हणून मी मोठ्या उत्साहाने ‘दोलकाविषयी तुम्हाला जे शोधावेसे वाटते ते शोधा’ असे सांगून मोकळा झालो. दोन तासांनी निम्म्या गटांनी पाठ्यपुस्तकातील सूत्र जर्नलमध्ये उतरवले होते आणि उरलेले मी काही बोलतो का याची वाट पाहत होते. पुढे किर्शनर, स्वेलर आणि क्लार्क या शिक्षण-मानसशास्त्रज्ञांचा अशा अध्यापनावरचा 2006 मधील टीकालेख वाचला. नवख्या विद्यार्थ्याला अगदी कमी मार्गदर्शन दिले की त्याची कार्यकारी स्मृती (एका वेळी मनात माहिती धरून तिच्यावर विचार करण्याची मर्यादित क्षमता) चाचपडण्यातच खर्ची पडते, हा त्यांचा मुद्दा मला माझ्याच वर्गाचे वर्णन वाटला.

पुढच्या सत्रात मी प्रश्न नेमका केला: दोलक 10 अंशांऐवजी 60 अंशांवरून सोडला, तर दोलनकाल (एका पूर्ण झोक्याला लागणारा वेळ) बदलतो का? साधने ठरवून दिली, पद्धत मात्र दिली नाही. एक मीटर लांबीच्या दोलकाचा दोलनकाल सुमारे 2 सेकंद असतो आणि 60 अंशांना तो साधारण 7 टक्क्यांनी वाढतो. म्हणजे एका दोलनामागे फरक जेमतेम 0.15 सेकंद, जो स्टॉपवॉच दाबणाऱ्या बोटाच्या दिरंगाईतच हरवतो. त्यामुळे बहुतेक गट ‘काही फरक नाही’ असे खात्रीने सांगतात, आणि खरा तास तिथून सुरू होतो. ‘तुमच्या मोजमापाला किती लहान फरक दिसू शकतो?’ एवढेच मी विचारतो. मग कोणीतरी दहा दोलनांचा एकत्रित वेळ घेते, आणि दुसऱ्या कोणाच्या तरी लक्षात येते की तेवढ्या वेळात आयामही, म्हणजे झोक्याचा विस्तारही, घटत जातो. हा आक्षेप मी स्वतः कधीही आधी सांगत नाही. तो त्यांच्याकडून येण्यातच सारी गंमत आहे.

नव्या सहकाऱ्यांना माझे सांगणे असे, की प्रश्न वर्गात नेण्यापूर्वी प्रयोग स्वतः करून पाहावा, विद्यार्थी कुठे अडतील ते टिपावे आणि प्रत्येक अडचणीसाठी उत्तर नव्हे, तर एक छोटा प्रतिप्रश्न तयार ठेवावा. विचारल्यानंतर गप्प राहणे सर्वांत अवघड जाते. मी आजही मनात आकडे मोजतो. गुणदानही बदलावे लागते. ‘बरोबर’ उत्तराला गुण ठेवले की आकडे सूत्राला जुळवून लिहिले जातात, म्हणून मी निम्मे गुण मोजमापातील अनिश्चिततेच्या चर्चेला देतो. असे प्रयोग वेळ खातात; संपूर्ण सत्रात मिळून दोनच घेतो आणि बाकीचे नेहमीच्या पद्धतीनेच चालू ठेवतो.