गाडी ट्रेलरने पाठवताय? या चुका टाळा

गाडी पाठवताना लोक चारी बाजूंनी चार फोटो काढतात आणि काम झालं असं समजतात. हमखास राहतो तो मीटरचा फोटो. हे सांगून सांगून मी थकलोय.

माझ्या गॅरेजच्या एका गिऱ्हाइकाची बेंगळुरूहून पुण्याला बदली झाली. गाडी बंद कंटेनरमधून येणार असं ठरलं होतं. वाटेत त्यांना फास्टॅगचे मेसेज येत राहिले, किणी टोलनाक्याचा, मग तासवड्याचा. कंपनीला विचारलं तर म्हणे, "टॅग चुकून रीड होतो, साहेब." गाडी माझ्याकडे आली तेव्हा बंपरवर, नंबर प्लेटवर, आरशांच्या पाठीवर किडे चिकटून वाळले होते. बंद कंटेनरमध्ये किडे कुठून येणार? गाडी सरळ हायवेने चालवत आणली होती. पण निघतानाचं रीडिंग कुणाकडेच नव्हतं, पावतीवर किलोमीटरचा रकाना कोरा. भांडायचं कशाच्या जोरावर?

म्हणून इंजिन चालू ठेवून किलोमीटर, पेट्रोलचा काटा आणि मीटरवर पेटलेले दिवे एकाच फोटोत घ्या. तो तिथल्या तिथे कंपनीच्या व्हॉट्सअ‍ॅपवर टाका. तेच रीडिंग पावतीवर लिहून ड्रायव्हरची सही घ्या. ड्रायव्हर घाई करेल, करू दे.

धुळीने माखलेली गाडी देऊ नका. धुळीखाली जुना ओरखडा दिसत नाही आणि मग नवा-जुना वाद होतो.

डिकीत कुकर, गाद्या, पुस्तकं कोंबू नका. ट्रान्सपोर्टवाले त्या सामानाची जबाबदारी घेत नाहीत. पेट्रोल पाव टाकीपेक्षा जास्त नको.

'ट्रान्झिट इन्शुरन्स'च्या नावाने पैसे घेतले असतील तर तुमच्या गाडीचा नंबर असलेली पॉलिसी मागा. बिलावरची ओळ म्हणजे विमा नव्हे. तुमच्या स्वतःच्या कॉम्प्रिहेन्सिव्ह पॉलिसीत रस्त्याने किंवा रेल्वेने नेतानाचं नुकसान साधारणपणे धरलेलं असतं, नुसत्या थर्ड पार्टीत नसतं.

आता दुसरी मोठी चूक: रात्री अकराला सोसायटीच्या गेटवर मोबाइलच्या टॉर्चमध्ये गाडी उतरवून घेणं आणि 'ओके' लिहून सही करणं. टॉर्चचा झोत रंगावर चमकतो, उथळ पोचा दिसतच नाही. शक्य असेल तर सकाळी या म्हणा. नाहीच जमलं तर सहीच्या वर लिहा: 'रात्री, अपुऱ्या उजेडात ताब्यात घेतली, तपासणी बाकी.' सकाळी लगेच बघून जे सापडेल ते फोटोंसह ईमेलने कळवा.

बघताना मी आधी खाली वाकतो. रॅम्पवर चढताना-उतरताना पुढच्या बंपरची खालची कड घासते. चाकं पट्ट्यांनी आवळलेली असतात, म्हणून अलॉय चाकांच्या कडा बोट फिरवून बघा. मग उन्हात तिरक्या नजरेने छप्पर आणि बॉनेट. ट्रेलरच्या वरच्या मजल्यावरच्या गाडीतून ऑइल गळलं असेल तर डाग तिथेच सापडतो. शेवटी जुने फोटो उघडून एकेक बाजू ताडून बघायची. 'वरवर ठीक दिसतेय' म्हणणाऱ्या उतावळ्यांचेच फोन मला आठवड्याने येतात.

नुकसान असेल तर कंपनीच्या 'बघतो, सांगतो'वर महिने घालवू नका. कॅरेज बाय रोड कायदा, 2007 नुसार दावा लावण्याआधी लेखी नोटीस द्यावी लागते, तीही बुकिंगच्या तारखेपासून 180 दिवसांत. दिवस बुकिंगपासून मोजायचे, गाडी मिळाल्यापासून नव्हे.