सोलमध्ये सामग्येथांग कुठं खायचं, कसं शोधायचं

"सोलला येतेय गं, ते जिन्सेंगवालं चिकन सूप कुठं खाऊ?" असे दोन-तीन मेसेज मला दर उन्हाळ्यात येतातच. मी मूळची कराडची. गेली सहा वर्षं सोलमध्ये आहे, ऑफिस यौइदोला. दरवेळी तेच टाइप करायचा कंटाळा आला, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते.

नाव सामग्येथांग. साम म्हणजे जिन्सेंग, ग्ये म्हणजे कोंबडी, थांग म्हणजे रस्सा. शेवटचा थ थाळीतला, तो नीट म्हणा. अर्ध्या किलोच्या आसपासची कोवळी कोंबडी घेतात, तिच्या पोटात चिकट तांदूळ, लसूण, सुकं लाल बोर आणि जिन्सेंगचं मूळ भरतात, शिजवतात आणि काळ्या मातीच्या भांड्यात खदखदत आणून समोर ठेवतात. माणशी एक आख्खी कोंबडी. तिखट नाही, तेल नाही, फोडणी तर नाहीच.

आता शोधायचं कसं? इथं सगळे नेव्हर मॅप नाहीतर काकाओ मॅप वापरतात. तेच घ्या. हॉटेलवाले वेळा, दर आणि मेन्यूचे फोटो तिथेच टाकतात. नाव मात्र कोरियन लिपीत टाका, भाषांतराच्या ॲपमधून उचलून चिकटवलं तरी चालतं. इंग्रजीत शोधलंत की टुरिस्टांची ठरलेली चार ठिकाणं वर येतात आणि गल्लीतलं, घरापासून पाच मिनिटांवरचं चांगलं हॉटेल दिसतच नाही.

आणि पाटी ओळखायला शिका, कारण अर्धी हॉटेलं मला मॅपवर नाही, चालताना सापडली. तीन अक्षरं आहेत, प्रत्येक एका चौकोनात बसवलेलं. पहिल्यात डावीकडे तंबूसारखी दोन तिरक्या रेघांची खूण, शेजारी उभी रेघ आणि तिला उजवीकडे छोटी फांदी, खाली चौकोनी डबा. दुसऱ्यात सुताराचा गुण्या, शेजारी दोन उभ्या रेघा आणि त्यातल्या पहिलीला डावीकडे दोन छोट्या फांद्या. तिसऱ्यात इंग्रजी ई, शेजारी पुन्हा तीच एका फांदीची उभी रेघ आणि खाली गोल शून्य. तंबू आणि डबा, गुण्या, ई आणि शून्य. आईला मी हे मेट्रोत बसून रुमालावर काढून दाखवलं होतं, दुसऱ्या दिवशी ती बसच्या खिडकीतून पाट्या मोजत होती.

नुसतं शेवटचं अक्षर बघून मात्र आत शिरू नका. थांग म्हणजे कुठलाही रस्सा. बोसिनथांग म्हणजे कुत्र्याच्या मांसाचा. तोही उन्हाळ्यातलाच ताकदीचा पदार्थ मानायचे, त्यामुळे काही जुन्या हॉटेलांत दोन्ही एकाच पाटीवर असायचं. जानेवारी 2024 मध्ये संसदेनं या धंद्यावर बंदी आणणारा कायदा केला, शिक्षा फेब्रुवारी 2027 पासून लागू. बरीच हॉटेलं बंद झाली किंवा काळ्या बोकडाकडे वळली, पण जुन्या पाट्या अजून दिसतात. म्हणून तिन्ही अक्षरं जुळवा.

आणखी एक घोळ होतो तो ताखानमारीचा. शब्दशः अर्थ "एक कोंबडी". ती टेबलावरच्या मोठ्या पातेल्यात शिजते, दोघा-तिघांत वाटून खायची. एकटे असाल तर बऱ्याच ठिकाणी देत नाहीत. सामग्येथांगचं भांडं मूळात एकट्याचंच, त्यामुळे एकटीनं जाऊन बसायला काहीच अडचण नाही. मी कितीतरी वेळा तशी गेलेय.

मॅपवर पाच-सहा हॉटेलं निघाली की निवड कशी करायची? माझी पहिली कसोटी मेन्यूची लांबी. सामग्येथांग आणि त्याचे दोन-चार भाऊबंद एवढंच असेल तर डोळे झाकून जा. त्याच भिंतीवर नूडल्स, कटलेट आणि डुकराची कढी असेल तर कोंबडी पाकिटातून आलेली असण्याची शक्यता जास्त. दुसरी कसोटी गिऱ्हाईक. आठवड्याच्या मधल्या दिवशी साडेअकराला दारातून डोकवा. साठीच्या पुढची मंडळी आणि गळ्यात ऑफिसचं ओळखपत्र अडकवलेले लोक बसलेले दिसले की झालं. रिव्ह्यू वाचायचेच तर नेव्हरवरचे पावतीवाले वाचा, ते बिल दाखवून टाकलेले असतात. ब्लॉगवाल्यांत फुकट जेवून लिहिलेले भरपूर. म्हणून तर इथं "नेदोन्नेसान" असा शब्दच तयार झालाय, म्हणजे "माझ्या पैशानं, मी घेतलेलं".

वेळ सांभाळा. दुपारी तीन ते पाच बरीच हॉटेलं विश्रांती घेतात, ऑफिसांच्या भागातली काही रविवारी बंद असतात. दर सोलमध्ये साधारण 17 ते 20 हजार वॉन. खूप भूक नसेल तर बानग्येथांग विचारा, म्हणजे अर्धी कोंबडी. सगळीकडे मिळत नाही, ऑफिसांच्या भागात दुपारी हमखास.

रश्श्याचे प्रकार कळले की नावं निवडणं सोपं जातं. सिटी हॉलजवळ सोसोमुनला गोर्यो सामग्येथांग आहे, 1960 पासूनचं. तिथला रस्सा पातळ आणि स्वच्छ. ग्योंगबोकगुंग राजवाड्याच्या पश्चिमेला, जुन्या हानोक, म्हणजे पारंपरिक कोरियन घरात, थोसोकछोन. तिथला दाट, बियांची-दाण्यांची चव असलेला. बाहेर रांग असतेच, अकराच्या आत पोचा. आणि सिंगिलदोंगच्या गल्लीतलं होसू सामग्येथांग, जिथे देउल्क्केची पूड घालून रस्सा खिरीसारखा घट्ट करतात. देउल्क्के म्हणजे पेरिला नावाच्या रोपाचं बारीक बी. मला हे तिसरं सगळ्यात आवडतं, पण पहिल्यांदा खाणाऱ्यानं पातळापासून सुरुवात करावी. पांढरा रस्सा आवडणाऱ्याला ते लगेच कळेल. मेन्यूत आणखी काळी कोंबडी दिसेल, ती ओगोल्ग्ये. अबालोनी, म्हणजे समुद्रातली शिंपल्यासारखी गोगलगाय, घालतात ते जोनबोक. "ओत" असा शब्द दिसला तर जरा थांबा. ते लाखेच्या झाडाचं साल घातलेलं असतं आणि काहींच्या अंगावर त्यानं लाल चट्टे उठतात.

पहिल्यांदा खाल्लं तेव्हा मी मीठच घातलं नव्हतं. रस्सा अळणीच येतो, मीठ टेबलावर असतं, हे मला कुणी सांगितलंच नाही. अर्धं भांडं मी मनातल्या मनात शिव्या घालत संपवलं. मग शेजारच्या आजींनी उठून माझ्यासमोर मिठाची बरणी ठेवली आणि न बोलता परत जाऊन बसल्या.

तर आधी रस्सा चाखा, मग थोडं मीठ. छोट्या बशीत मीठ-मिरपूड घ्या, मांस त्यात बुडवून खायचं. चमचा आणि चॉपस्टिक लावून कोंबडी मधोमध उघडा, पोटातला भात रश्श्यात मिसळू द्या म्हणजे तो दाटतो. हाडं टाकायला टेबलावर वेगळं भांडं असतं. जिन्सेंग कडवट आणि मातकट लागतं, मी खाते, माझा नवरा बाजूला काढतो. सोबत मुळ्याची किमची, कधी हिरव्या मिरच्या आणि सोयाबीनची आंबवलेली चटणी. काही ठिकाणी घोटभर इन्सामजू, म्हणजे जिन्सेंगची दारू, तेही फुकट. ती पिता येते किंवा रश्श्यात ओतता येते. किमचीत बहुधा मासळीचं किंवा कोळंबीचं खारवण असतं, न चालणाऱ्यांनी लक्षात ठेवा. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर जिन्सेंगबद्दल आधी डॉक्टरांना विचारा.

आईचा अभिप्राय एका वाक्यात: "हे तर बाळंतिणीचं जेवण!" मग तिनं आख्खी कोंबडी संपवली.

कधी जाऊ नये तेही सांगते. उन्हाळ्यात तीन दिवस असतात, छोबोक, चुंगबोक आणि मालबोक. त्या दिवशी सगळा देश हाच रस्सा पितो, उष्णतेनं उष्णता मारायची म्हणून. त्याला इयोल-छियोल म्हणतात. 2026 मध्ये हे दिवस 15 जुलै, 25 जुलै आणि 14 ऑगस्टला येतात. त्या दिवशी नावाजलेल्या दारात भर उन्हात दीड तास उभी राहिलेय मी, आत गेल्यावर ताट पुढ्यात आदळलं आणि वीस मिनिटांत उठवलं. आदल्या किंवा नंतरच्या दिवशी जा, चव तीच, माणसं निम्मी.

श्रावण पाळणाऱ्यांसाठी: 2026 मध्ये श्रावण 13 ऑगस्टला लागतो, म्हणजे पहिले दोन दिवस चक्क आखाडात सापडतात आणि मालबोक मात्र श्रावणाच्या दुसऱ्या दिवशी येतो. 2025 मध्ये तर मालबोक नेमका राखीपौर्णिमेला आला होता. मी नारळीभात केला, आणि ऑफिसमधल्यांना सांगितलं की आमच्याकडे या पौर्णिमेला समुद्राला नारळ देतात.

घरीच करायचं असेल तर एक नंबरच्या मेट्रोनं जेगीदोंगला उतरा, ग्योंगदोंग बाजारात ताजं जिन्सेंग ढिगांनी असतं. कोंबडीच्या पाकिटावर 5 किंवा 6 आकडा बघा. 5 म्हणजे साधारण 500 ग्रॅम, 6 च्या वरची घेतलीत तर मातीच्या भांड्यात पाय बाहेर राहतात. माझे राहिले होते.