जुन्या गाडीचं इंजिन वाजतंय? आधी कान, मग पाना

नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक वसाहतीत पहिल्या पाळीला निघालेल्या गाड्या सकाळी नुसत्या ऐकत उभं राहा. एखादी टकटकते, एखादी खळखळते, एखादी भांड्यांचा डबा बांधल्यासारखी वाजते. दहा-पंधरा वर्षांच्या गाडीनं थोडं बोलावंच. प्रश्न असतो तो काल नव्हता आणि आज आला, अशा आवाजाचा.

माझ्या जुन्या स्प्लेंडरला असाच आवाज आला, तेव्हा टायमिंग चेनचं, म्हणजे इंजिनातले व्हॉल्व्ह वेळेवर उघडणाऱ्या आतल्या साखळीचं, किट बदलून घेतलं. पैसे गेले, आवाज राहिला. शेवटी सायलेन्सरच्या गार्डचा एक बोल्ट ढिला निघाला. एका वायसरचं काम! तेव्हापासून मी बाहेरून आत जातो.

पहिलं काम ऑईलचं. गाडी मेन स्टँडवर, सपाट जागी. दोन-तीन मिनिटं चालवून बंद करा, तेवढाच वेळ थांबा. ऑईलची पट्टी पुसून, आटे न फिरवता नुसती टेकवून बघा. या इंजिनात ऑईल मावतं लिटरच्या आसपास, त्यातलं पावशेर कमी झालं तरी वरचे भाग कोरडे वाजू लागतात. पातळी कमी असेल तर ती भरेपर्यंत पुढचं निदान करूच नका.

मग इंजिन बंद आणि थंड असताना हात फिरवा: सायलेन्सरचं गार्ड, इंजिन फाउंडेशनचे बोल्ट, लेगगार्ड, चेनकव्हर, नंबरप्लेट. सायलेन्सर जिथे हेडला, म्हणजे इंजिनाच्या डोक्याला, बसतो तिथे काळी काजळी दिसली तर गॅस्केट फुटलंय. त्याची फटफट हुबेहूब टॅपेटसारखी (व्हॉल्व्ह दाबणाऱ्या स्क्रूसारखी) ऐकू येते आणि भलेभले फसतात.

आता गाडी मोकळ्या जागेत चालू करा, बंद पार्किंगमध्ये नको. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनवर आणि मूठ कानामागच्या हाडाला. बाह्या वर करा, सायलेन्सरला पाय लागू देऊ नका. हेडवर बारीक, एकसुरी टिकटिक आली आणि रेस वाढवली की तीही भराभर झाली, तर टॅपेट. स्प्लेंडरला टायमिंग चेन डाव्या अंगाला असते. तिथे खळखळ असेल आणि रेस सोडताना ती वाढत असेल, तर चेन लांबलीय किंवा ती ताणून धरणाऱ्या टेन्शनरचं रबर कडक झालंय. क्लच दाबल्यावर आवाज बदलला तर उजवीकडे क्लचमध्ये बघा.

डिसेंबर-जानेवारीत निफाडकडची थंडी शहरात उतरते, तेव्हा सकाळी पहिल्या किकला येणारी ठकठक पाच मिनिटांत विरत असेल तर पिस्टन सिलिंडरमध्ये सैल झालाय. ऑईल पीत नसेल, धूर नसेल, तर अजून बरंच चालेल. मी तरी नुसत्या त्या आवाजासाठी बोरिंगला (सिलिंडर कातून नवा पिस्टन बसवायला) जाणार नाही.

टॅपेट मात्र घरी जमतात. इंजिन रात्रभर थंड झालेलं हवं. प्लग काढा, टॅपेटची दोन्ही झाकणं काढा, डावीकडच्या मॅग्नेट कव्हरवरची दोन झाकणंही काढा. क्रँकच्या नटाला गोटी (सॉकेट पाना) लावून घड्याळाच्या उलट दिशेनं हळू फिरवा आणि ‘टी’ची खूण कव्हरच्या खाचेसमोर आणा. दोन्ही रॉकर, म्हणजे व्हॉल्व्ह दाबणारे दांडे, बोटानं किंचित हलले पाहिजेत. हलत नसतील तर आणखी एक पूर्ण फेरा द्या. ही पायरी चुकली की पुढचं सगळं चुकलं. मग फिलर गेज, म्हणजे टॅपेट आणि व्हॉल्व्हमधली फट मोजायच्या पातळ पट्ट्या. आपल्या गाडीच्या फटीचा आकडा मॅन्युअलमध्येच बघा. 100 ते 150 सीसीच्या गाड्यांत तो बहुधा 0.05 ते 0.15 मिलिमीटरच्या दरम्यान असतो. तेवढ्या मापाची पट्टी फटीत किंचित अडत सरकायला हवी. स्क्रू धरून लॉकनट आवळा आणि पुन्हा मोजा, कारण आवळताना माप हमखास हलतं.

आवाज पार घालवायच्या नादात टॅपेट घट्ट करू नका. घट्ट टॅपेटमुळे व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही, त्याची उष्णता हेडमध्ये उतरत नाही आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळतो. थोडा वाजणारा टॅपेट परवडला, मुका नको.

टायमिंग चेन स्वतः बदलू नका, एक दात चुकला तरी टायमिंग बिघडतं. पण किट घेताना चेनसोबत रोलर आणि टेन्शनरही बदलून घ्या.

नांदुरीहून सप्तशृंगी गडावर डबलसीट चढताना वरच्या गिअरमध्ये कडकड आली, तर आधी गिअर उतरवा. तेवढ्यानं थांबली तर ते नॉकिंग आहे: जुन्या इंजिनात पिस्टनवर साठलेला कार्बन किंवा बिघडलेलं इग्निशन टायमिंग. पण खालून, क्रँककेसमधून जड हातोडीसारखा ठोका येत असेल आणि भार पडला की वाढत असेल, तर कनेक्टिंग रॉडचं बेअरिंग गेलंय. तिथेच गाडी बंद करा, गॅरेजला टेम्पोतून न्या.

आणि एक, थंड इंजिनाचा आवाज घरीच मोबाईलवर रेकॉर्ड करून ठेवा. गॅरेजपर्यंत गाडी गरम होते, आवाज गायब होतो आणि मिस्त्री म्हणतो, “काही नाही भाऊ, चांगली तर आहे!”